पाऊणपटीचं गणित आणि अलिबाग-मुरुडचा उन्हाळा: होळीपासून मृगापर्यंतच्या वापरानंतर

तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. किनाऱ्यावरचं हे जुनं गणित अख्खा उन्हाळा अलिबाग ते मुरुड वापरून झालं. पाचापैकी चार गुण. एक गुण का कापला, ते पुढे येईलच.

दोन्ही पक्षांत प्रतिपदेपासून नव्याने मोजायचं. चतुर्थीला ४ ची पाऊणपट ३, म्हणजे पहाटे ३ आणि दुपारी ३ च्या सुमारास भरती. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी, सकाळी ९ ला. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणून पाऊण तासाचा हिशेब जमतो. पण उत्तर बहुतेकदा लवकरचं येतं. पौर्णिमेला गणित सव्वाअकरा सांगतं, पाणी मात्र बाराच्या पुढेपर्यंत चढत असतं. शिवाय तिथीचा क्षय किंवा वृद्धी आली की घोळ वाढतो. कापलेला गुण याचाच. ओहोटीत समुद्रातल्या किल्ल्यावर चालत जायचं असेल तर मोबाइलवरचं भरतीचं कोष्टक एकदा ताडून पाहाच.

खरा उपयोग ओहोटीला चालत गाठता येणाऱ्या अलिबागच्या कुलाबा किल्ल्याला. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, पाणी सर्वांत खाली जातं. पण नेमक्या त्या दोन दिवशी ओहोटी पहाटे आणि तिन्हीसांजेला येते. द्वितीया ते चतुर्थी मात्र ती सकाळी साडेसात ते साडेनऊच्या दरम्यान पडते आणि पाणीही चांगलं हटलेलं असतं. मे महिन्याच्या उन्हात याहून चांगली वेळ नाही. ओहोटीच्या तास-दीड तास आधी निघा आणि पाणी फिरल्यावर रेंगाळू नका. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. पाणी धड चढतही नाही, धड उतरतही नाही, त्यामुळे मधल्या पट्ट्यात ते राहतंच. तेव्हा घोडागाडी किंवा होडी बरी. पायात पट्ट्याची सँडल हवी. चपला चिखलात रुततात आणि खडकावरची कालवं अनवाणी पाय कापतात.

आत १७५९ मध्ये राघोजी आंग्र्यांनी बांधलेलं गणेशमंदिर आणि गोड्या पाण्याची विहीर आहे, पण वेळ द्यावा तो तटाला. प्रचंड चिरे चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचलेत. लाटेचं पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर तिथेच मोडतो. मुरुडसमोरच्या पद्मदुर्गावर उलटा प्रकार: तिथे खारा वारा आणि पाणी यांनी दगड झिजला, चुना मात्र जागच्या जागी उभा. दोन्ही किल्ले एकाच सहलीत पाहावेत ते यासाठी. पद्मदुर्गाची होडी मात्र पाणी आणि वारा पाहूनच सुटते, तिचा भरवसा धरून बेत आखू नये.

जंजिऱ्याला राजपुरीहून सकाळीच जा. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर समुद्रावरचा वारा वाढतो, होडी हेलकावते आणि किल्ल्याच्या पायऱ्यांवर उतरताना तारांबळ उडते. होडीवाल्याने सांगितलेला वेळ आतला विस्तार पाहता अपुराच. कलालबांगडी तोफेपुढे फोटोसाठी दाटी होते. तिथे न थांबता आधी गोड्या पाण्याचे दोन तलाव आणि वरचे बुरूज गाठावेत.

काशीदची वाळू पांढरी, पण किनारा उतरता आहे. दोन पावलांत पाणी कमरेचं छातीपर्यंत येतं. ओहोटी लागली की बाहेर. ओढ लागलीच तर किनाऱ्याकडे झगडत पोहू नये. किनाऱ्याला समांतर सरकून ओढीच्या पट्ट्यातून आधी सुटावं.

मासळीलाही हेच गणित लागू. डोल, म्हणजे एका जागी बांधलेली पिशवीसारखी जाळी, प्रवाहाच्या जोरावर भरते, म्हणून उधाणाच्या दिवसांत जवळा, बोंबील जास्त येतात. भांगात बाजार पातळ. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते, तेव्हा ताज्या मासळीसाठी जून गाठू नये. ताडगोळे सकाळी, समोर सोलून घ्यावेत. सोललेले संध्याकाळपर्यंत चिवट होतात.

अलिबागचा पांढरा कांदा माळेनेच घ्या, सुटा नको. वाऱ्याला टांगून ठेवला तर टिकतो. पिशवीत कोंडला की सादळून कोंब फुटतात. गाडीच्या डिकीत, ओल्या टॉवेलांशेजारी तर मुळीच नको.