बर्डीचं जुन्या पुस्तकांचं दुकान, जिथे विम्याच्या गठ्ठ्यात खुनाची कादंबरी मिळाली

नागपुरात बर्डीला, म्हणजे सीताबर्डीला, मेट्रोतून उतरून मेन रोडच्या गर्दीतून थोडं पुढे गेलं की एका गल्लीच्या तोंडाशी हे दुकान लागतं, बोर्ड नाही, नाव नाही, वर निळी ताडपत्री अन् खाली गठ्ठेच गठ्ठे. अडीच वर्षांपासून जातोय मी तिथे.

दुकानवाले काका गठ्ठे लावतात ते पुस्तकाच्या नावावरून. म्हणजे मेडिकलच्या पोरांच्या ॲनाटॉमी-फार्माकच्या ढिगात रॉबिन कुकची 'कोमा' सापडते, १९७७ ची, लेखक स्वतः डोळ्यांचा डॉक्टर, त्यामुळे ऑपरेशन थिएटरचं वर्णन वाचताना अंगावर काटा येतो. पण खरी मजा मला झाली ती वेगळ्याच गठ्ठ्यात.

मी चौदा वर्षांपासून विम्याचं काम करतो. ओळखीच्या एका पोराला एजंटच्या परीक्षेसाठी आयसी-३८ चं पुस्तक पाहिजे होतं म्हणून गेलो तर त्यातच खाली जेम्स केनची 'डबल इन्डेम्निटी'. पानं पिवळी, पाठीचा डिंक सुटलेला, आतल्या कव्हरवर पेन्सिलने 'विमा' लिहिलेलं. मी म्हटलं काका ही तर कादंबरी आहे, तर म्हणे, "नाव तं विम्याचंच हाय न भाऊ."

आणि काकांचं बरोबर आहे! आपल्याकडे पॉलिसीत डबल ॲक्सिडेंट बेनिफिट असतो न, अपघाती मृत्यू झाला तर दुप्पट रक्कम, तेच हे कलम. कादंबरीत रेल्वे अपघातात गेला तरच दुप्पट मिळते, कारण रेल्वेत माणूस दगावण्याची शक्यता फार कमी, म्हणून कंपनीला ते द्यायला परवडतं. अन् एजंट स्वतः क्लायंटच्या बायकोसोबत मिळून नवऱ्याचा खून असा बसवतो की तो रेल्वेतूनच पडला असं वाटावं. १९३६ ला हे अमेरिकेत क्रमशः छापून आलं होतं. मी रात्री दीडपर्यंत वाचत बसलो, कारण क्लेमवाला माणूस कशावरून संशय घेतो ते मी रोज बघतो. कलम काढून टाकलं तर गोष्टच उरत नाही, इतकं ते नाव आत मुरलंय.

म्हणूनच नावात नुसतं 'क्वांटम' नाहीतर 'प्रोटोकॉल' चिकटवलेल्या थ्रिलरचा मला राग येतो. असं एक इथूनच नेलं होतं, साडेतीनशे पानांत क्वांटमचा काही संबंधच आला नाही, वाचणाऱ्याला फसवायचं कशाला.

मराठीत मात्र नारळीकरांनी १९७४ ला विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत कथा पाठवली तिचं नावच 'कृष्णविवर'. आपलं नाव पाहून परीक्षक भुलू नयेत म्हणून नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून बायकोकडून लिहून घेतली, अन् बक्षीस मिळालं. कृष्णविवर म्हणजे ब्लॅक होल, अन् हा शब्द जगात रुळायला लागला तो १९६७ नंतर, म्हणजे सात वर्षांत मराठी कथेच्या डोक्यावर तो सन्मानाने बसला. ती ज्या संग्रहात आहे तो 'यक्षांची देणगी' काकांकडे फिजिक्सच्या गाईडांसोबत होता, मी लगेच उचलला.

भाव व्यवस्थित आहे, केन ८० रुपयांत मिळालं, वाचून परत आणलं तर अर्धे पैसे देतात. फक्त घ्यायच्या आधी शेवटची पानं बघून घ्या, माझ्या एका पुस्तकातली शेवटची सोळा पानं गायब होती. काकांनी काही न बोलता बदलून दिलं पण बर्डीला परत एक चक्कर झाली. पावसाळ्यात खालचे गठ्ठे ओलसर असतात तेही पाहून घ्या.

मागच्या आठवड्यात केन परत द्यायला गेलो तर काका विचारतात, आता कादंबऱ्यात टाकू का हे. मी म्हटलं नका, आयसी-३८ जवळच राहू द्या, परीक्षेला बसणारं एखादं पोरगं उचलेल.