माल बंद झाला, पान काय करायचं? ठेवायचं, वळवायचं की काढायचं

बेळगावकडच्या दुकानांच्या वेबसाइट मी सांभाळतो. दिवाळी उरकली की वडगाव-खासबागचे साडीवाले आणि निपाणी-अथणीकडचे चप्पलवाले यांचे फोन सुरू होतात. सगळ्यांचं म्हणणं एकच: "ह्या डिझाइनी आता येणार नाहीत, वेबसाइटवरनं काढून टाका." काढायला दोन मिनिटं लागतात. सुरुवातीची काही वर्षं मीही सांगेल ते पटापट काढून टाकायचो. आता आधी विचारतो, ते पान अजून कोण उघडतंय आणि त्या मालाला खरोखरचा पर्याय दुकानात आहे का. या दोन उत्तरांवरच पुढचं सगळं ठरतं.

मार्ग मुख्यतः तीन. पान राहू द्यायचं आणि माल बंद झाल्याचं त्यावर स्पष्ट लिहायचं. जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला ३०१ (म्हणजे कायमचा रिडायरेक्ट) लावून दुसऱ्या पानावर न्यायचं. किंवा पान काढून टाकायचं, म्हणजे उघडणाऱ्याला ४०४ किंवा ४१० हा 'पान नाही' सांगणारा कोड मिळतो.

यातला काढून टाकण्याचा मार्ग सगळ्यात सोपा, म्हणून सगळे तोच धरतात. ज्या पानावर महिनोन्‌महिने कुणी फिरकलेलं नाही, बाहेरून एकही लिंक नाही आणि जवळपास जाणारा मालही नाही, त्याला तो योग्यच आहे. ४०४ म्हणजे पान सापडलं नाही, ४१० म्हणजे पान कायमचं गेलं. गूगल दोन्ही पानं यादीतून काढतं. ४१० ला किंचित लवकर, पण तेवढ्यासाठी डोकं शिणवण्यात अर्थ नाही. ४०४ आले की साइटला दंड बसतो ही भीती मात्र मनातून काढा. गेलेल्या पानाला ४०४ मिळणं रास्तच आहे. फक्त साइटमॅपमधून (गूगलला दिलेल्या पानांच्या यादीतून) आणि मेनूतून त्याच्या लिंका काढायला विसरू नका, आणि ४०४ च्या पानावर शोधायची चौकट व फोन नंबर असू द्या.

वळवण्याच्या मार्गाला खरा जोर आहे, पण अट एकच: समोर तोच माल नव्या रूपात हवा. जुन्या साडीचा विणकर तोच, सूत तेच, फक्त काठ बदलला असेल, तर ३०१ लावा. बाहेरच्या लिंकांमुळे गूगलकडे जुन्या पानाला असलेलं वजन नव्या पानाकडे जातं आणि गिऱ्हाइकालाही आपण फसलो असं वाटत नाही. ही वळण किमान वर्षभर तरी ठेवावी असं गूगल सांगतं. मी तर काढतच नाही. शॉपिफायवर (ऑनलाइन दुकान चालवायची सेवा) एक गोष्ट ध्यानात घ्या, जुनं पान चालू असेपर्यंत तिथली वळण लागू होत नाही, आधी ते पान बंद करावं लागतं. वूकॉमर्सवर (वर्डप्रेसवर दुकान चालवायची सोय) रिडायरेक्शनचं प्लगइन घेतलं की काम होतं. दर हंगामाला डिझाइन बदलणाऱ्यांनी आणखी एक बघावं: पहिल्याचं दुसऱ्याकडे, दुसऱ्याचं तिसऱ्याकडे अशी साखळी वाढत जाते. गूगलचा बॉट (पानं वाचत फिरणारा प्रोग्रॅम) दहा उड्यांपर्यंत पाठपुरावा करतो, पण मोबाइलवरच्या माणसाला प्रत्येक उडीला थांबावं लागतं. जुने सगळे पत्ते थेट शेवटच्या पानाला जोडून टाका.

सगळी बंद पानं मुखपृष्ठावर वळवणं हा प्रकार मात्र कुणीच करू नये. एका चप्पलवाल्यांच्या साइटवर मी तो स्वतः केला होता. गडहिंग्लजच्या एका बाईंनी मुलाच्या लग्नासाठी कापशी प्रकारची कोल्हापुरी चप्पल पसंत करून लिंक व्हॉट्सअॅपवर घरच्या सगळ्यांना पाठवली होती. लिंक उघडली की मुखपृष्ठावर सँडल आणि बेल्टची जाहिरात. त्यांनी फोन केला, "अहो, आम्ही चप्पल बघत होतो ती कुठं गेली? आमचंच काही चुकलं का?" त्या माउलीला आपलीच चूक वाटावी, हे मला फार लागलं. गूगललाही अशी वळण पटत नाही, असं पान तो सॉफ्ट ४०४, म्हणजे नसल्यातच जमा, धरतो, म्हणजे वजन मिळायचं तेही मिळत नाही. वर्गाच्या पानावर वळवणं यापेक्षा बरं, पण तेही तो वर्ग खरोखर जवळचा असेल तरच.

आणि आता माझा आवडता मार्ग, पान ठेवणं. आपल्या भागातल्या मालाला हाच सर्वांत जास्त शोभतो. कोल्हापुरी चप्पलला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर आपले बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर आहेत. लोक कापशी, कुरुंदवाडी अशी नावं घालून शोधतात, कान (बाजूच्या पट्ट्या) कसा, वेणी (वरची गुंफण) कशी, हे बघायला येतात. ती माहिती माल संपला म्हणून शिळी होत नाही. त्या चप्पलवाल्यांच्या पानावर आता मोठ्या अक्षरात असं लिहिलंय:

"ही जोडी आता बनत नाही. हिचे कारागीर वयोमानानुसार थांबले आहेत. हाच कान आणि अशीच वेणी हवी असेल तर खालच्या दोन जोड्या बघा. ही जोडी आधी घेतलेली असेल आणि शिलाई उसवली असेल, तर फोन करा, दुरुस्ती करून देतो."

त्याखाली दोन फोटो, मापाचा तक्ता, आणि तेल कसं लावायचं ते. दुरुस्तीच्या ओळीवरून अजूनही फोन येतात, आणि त्यातले काहीजण नवी जोडी घेऊन जातात.

पान ठेवायचं तर काही कामं चुकवू नका. 'कार्टमध्ये टाका' बटण आणि किंमत काढा. स्कीमामध्ये (पानाची माहिती गूगलला सांगणारा कोड) उपलब्धतेला 'डिस्कंटिन्यूड' लिहा. 'आउट ऑफ स्टॉक' हे पुन्हा येणाऱ्या मालासाठी. गूगलच्या मर्चंट सेंटरवर जाहिरातीसाठी दिलेल्या मालाच्या यादीतून ती वस्तू उतरवा, नाहीतर जाहिरात एक सांगते आणि पान दुसरं. वूकॉमर्समध्ये वस्तू कॅटलॉगमध्ये लपवून पान चालू ठेवता येतं. शॉपिफायवर ती कलेक्शनमधून काढा, म्हणजे त्या कलेक्शनच्या यादीत न दिसता जुन्या लिंकवर उघडते. शेकडो डिझाइनी असतील तर सगळ्यांना असं पान ठेवणं परवडत नाही, निगा राखायला माणूस लागतो. तिथे ज्यांच्यावर येणंजाणं आहे तेवढीच ठेवा आणि बाकीच्यांना ४०४ मिळू द्या.

साडीचं थोडं वेगळं. रंग आणि काठ दर मोसमाला बदलतात, पण गिऱ्हाईक जुन्या साडीचं ब्लाउजपीस शोधायला वर्षांनी परत येतं. म्हणून नुसता रंग गेला असेल, तर वेगळं पान न ठेवता एकाच पानावर तो रंग 'बंद' असा दाखवा आणि बाकीचे रंग चालू ठेवा.

आपल्याकडच्या दुकानांना एक जादा खटपट आहे: काहींचं पान मराठीतही असतं आणि कन्नडमध्येही. एकात माल बंद आणि दुसऱ्यात चालू राहिला, तर धारवाडच्या माणसाची ऑर्डर लागते आणि पैसे परत करावे लागतात. मराठी पान ठेवलं तर कन्नडही ठेवा, मराठी वळवलं तर कन्नड जुन्या पत्त्यावरून कन्नडच नव्या पानावर न्या, मराठीवर नको. हे पहिल्यांदा केलं तेव्हा मी कन्नड पान मराठीवर वळवलं होतं, आणि चिक्कोडीच्या एका काकांनी शांतपणे सांगितलं की आम्हाला वाचता येत नाही हो.