फिरतं कागद-प्रदर्शन: चौकटीत की मोकळं?

हातकागदाची कामं गावोगाव न्यायची तर चौकट धुळीपासून आणि बोटांपासून वाचवते, हे खरं. पण काच प्रवासात फुटते आणि काचेऐवजी लावलेल्या अ‍ॅक्रिलिकवर (पारदर्शक प्लास्टिकवर) स्थिर वीज साठली की कागदातले केळीचे, अंबाडीचे सुटे तंतू त्याला जाऊन चिकटतात. शिवाय तावाची न कापलेली खडबडीत कड झाकली जाते. मग पाहायचं काय?

मोकळा ताव चुंबकाच्या चकत्यांनी टांगता येतो, वाहतूकही स्वस्त. मात्र तो हवेतला ओलावा पितो. पुण्यात मे महिन्यात सपाट असलेला ताव जुलैत रत्नागिरीला लाटा धरतो. पावसाळी कोकणासाठी मी चौकटच घेईन, काच कागदाला टेकू न देता. बाकी ठिकाणी मोकळंच. उजेड मात्र दोन्हीकडे मंदच, ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपास. हळदीचा रंग तर लवकर उडतो.