साउंडबार घेतला आणि सिरुथाई शिवाचे सगळे सिनेमे त्यावर वाजवले

गुढीपाडव्याला घरात एखादं यंत्र आणायचं, हा आमच्या धाकट्यानं पाडलेला पायंडा. यंदा साउंडबार आला. टीव्हीखाली ठेवायची हातभर लांब पट्टी, गव्हाच्या डब्याएवढा सबवूफर, म्हणजे खर्जाचा स्पीकर, आणि मागे ठेवायचे दोन छोटे स्पीकर. फाइव्ह पॉइंट वन म्हणतात ते. किंमत १७,४९० रुपये. घासाघीस करून पाचशे सुटले आणि वर एक एचडीएमआय केबल 'फ्री' मिळाली. घरी येऊन खोकं उघडलं तर तसलीच एक केबल आत होतीच.

कंपनीचं नाव लिहीत नाही. एक तर माझी तक्रार त्यांच्याकडे अजून मिटलेली नाही. आणि या किमतीतले चार-पाच डबे मी दुकानात उभं राहून ऐकले, ते सगळे एकमेकांचे मावसभाऊ वाटले. एकाबद्दल वाचलंत की बाकीच्यांचा अंदाज येईल.

आवाजातलं तुला काय कळतं, असं कोणी म्हणेल. मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या दलालीत आहे, सत्तावीस वर्षं. हळद डोळ्यांना फसवते. पॉलिश मारलं की सगळाच माल सोन्यासारखा दिसतो. हळकुंड कानाजवळ धरून मोडायचं. नीट वाळलेलं असलं तर पितळेवर टिचकी मारल्यासारखं टणकन मोडतं, ओल राहिली असेल तर वाकतं आणि मुकाट तुटतं. सीझनमध्ये दिवसाला शे-दीडशे हळकुंडं अशी कानाशी मोडणाऱ्याचे कान अगदीच वाया गेलेले नसतात.

सिरुथाई शिवा या तेलुगू-तमिळ दिग्दर्शकाचेच सिनेमे का, तर तोही हळदीचाच प्रताप. आमची सांगली, तेलुगू मुलखातलं निजामाबाद, तामिळनाडूतलं इरोड, अशा मोजक्या पेठांवर या मालाचा भाव ठरतो. धंद्यापायी तिन्हीकडचे लॉज पाठ झाले. सौदे आटोपले की परक्या गावात एकट्या माणसानं संध्याकाळी करायचं काय? थेटर गाठायचं. तेलुगूत हळदीला पसुपु, तमिळमध्ये मंजळ, एवढ्या भांडवलावर मी सिनेमे बघू लागलो. योग असा, की ज्या दिग्दर्शकाचा पहिला सिनेमा मला निजामाबादला भेटला, तोच पुढे इरोडला पुन्हा भेटला.

शिवा मुळात कॅमेरामन. दिग्दर्शक म्हणून त्याचा पहिला सिनेमा 'शौर्यम', २००८ चा, तेलुगू. गोपीचंद आणि अनुष्का शेट्टी. मी वसुलीला गेलो होतो, पैसे काही मिळाले नाहीत, पण सिनेमा मिळाला. २००९ ला 'शंखम', पुन्हा गोपीचंद. मग २०११ ला तो तमिळमध्ये गेला आणि कार्तीला घेऊन 'सिरुथाई' केला. सिरुथाई म्हणजे बिबट्या. राजामौलीच्या 'विक्रमार्कुडू'चा तो रिमेक. आपल्याकडे त्याच मालाचं हिंदी पोतं 'राऊडी राठोड' नावानं आलं. शिवा नावाची माणसं तिकडे ढिगानं. त्यातला हा कोणता, तर सिरुथाईवाला. नावच पडलं. २०१२ ला रवी तेजाबरोबर 'दरुवू' करून तेलुगूतला मुक्काम त्यानं आवरता घेतला. म्हणजे तीन तेलुगू, सात तमिळ, एकूण दहा.

तर साउंडबार. बसवून द्यायला माणूस येणार होता, 'चोवीस तासांत'. नवव्या दिवशी आला, तोवर सगळं धाकट्यानं जोडून झालं होतं. त्यानं फोटो काढले, फोनवर आलेला ओटीपी विचारला आणि गेला. सुरुवातीला आम्ही ब्लूटूथवर चालवत होतो. त्यात आवाज ओठांच्या मागे राहतो. डब सिनेमात ओठ नाहीतरी जुळत नाहीत, त्यामुळे दोन दिवस कोणाच्या लक्षातच आलं नाही. बातम्या लावल्या तेव्हा कळलं. टीव्हीच्या मागे ज्या एचडीएमआयवर 'एआरसी' लिहिलंय त्यातच केबल घाला, बाकीच्या भोकांत घालून शिव्या देऊ नका.

सबवूफर आधी कोपऱ्यात ठेवला होता. आमचा हॉल बारा बाय चौदा, पलीकडे स्वयंपाकघर. दोन भिंतींच्या बेचक्यात ठेवला की खर्ज नुसता फुगतो, घुमत राहतो. शिवाय स्वयंपाकघरातल्या मांडणीवरची ताटं थरथरायला लागली. सौ. म्हणाली, "अहो, तुमच्या सिनेमात भांडी कुठली वाजतायत?" दोन फूट पुढे ओढला आणि खर्ज तीन घर खाली आणला, तेव्हा ढोल ढोलासारखा वाजायला लागला.

मग रोज रात्री एक सिनेमा. तेलुगू तिन्ही दोन संध्याकाळी उरकले, कारण जुने प्रिंट होते आणि आवाज नुसता स्टीरिओ. असल्या आवाजाला पट्टी ओढूनताणून पाच स्पीकरांवर पसरते, तो प्रकार मला आवडला नाही. माणूस बोलतो समोर आणि त्याचं भूत मागच्या स्पीकरातून. ते बटण बंद ठेवा.

'वीरम'ला मात्र डब्यानं पैसे वसूल केले. २०१४ च्या पोंगलला मी इरोडला अडकलो होतो. सौदे बंद, लॉजच्या मालकिणीच्या दारात पोंगलच्या भांड्याला ओल्या हळदीचं रोप पानांसकट बांधलेलं, आणि गावात दोन तट, अजितचा 'वीरम' आणि विजयचा 'जिल्ला', दोन्ही एकाच दिवशी लागलेले. मी शिवाच्या ओळखीवर 'वीरम'ला गेलो. पांढरे केस न रंगवता आलेला हिरो, चार धाकटे भाऊ, आणि रेल्वेगाडीतली ती मारामारी. थेटरात त्या मारामारीचं मला काहीच ऐकू आलं नव्हतं, लोकांच्या शिट्ट्याच ऐकल्या. आता घरी पहिल्यांदा ऐकलं, की रुळांची खडखड खाली चालू राहते, वर देवी श्री प्रसादचं संगीत आणि मधे ठोसे, तिन्ही वेगळे. टीव्हीच्या अंगच्या स्पीकरात याचा काला होतो. याच सिनेमावरून तेलुगूत 'काटमरायुडू' झाला आणि हिंदीत सलमानचा 'किसी का भाई किसी की जान'. तो बघितला असेल तर मूळ बघून डोळे धुवून घ्या.

'वेदालम' (२०१५) मी आवाजाच्या परीक्षेसाठी कोणालाही सुचवेन. अजित कोलकात्यात टॅक्सी चालवणारा साधाभोळा भाऊ. मध्यंतराआधी त्याला गुंड धरतात, तो रडवेला होतो, आणि तोच चेहरा बघता बघता हसायला लागतो. मारामारी नंतर आहे. त्याआधीच्या त्या काही क्षणांत पडद्यावर जवळजवळ काही घडत नाही, एक माणूस आपला चेहरा बदलतो. इथे स्पीकरची खरी पारख. या डब्याला हळू आवाज पेलत नाहीत. हुंदका आणि हसू यांच्या मधला जो श्वास आहे तो याच्यात गायबच झाला. आवाज १८ वरून २८ वर नेला तेव्हा श्वास आला, आणि लगेच अनिरुद्धचं संगीत असं कोसळलं, की आतल्या खोलीतून आई बाहेर आली.

आमच्या आईचं वय एक्याऐंशी. तिनं दारातच उभं राहून थोडा वेळ बघितलं आणि म्हणाली, "आरं, ह्यो तर राक्षस. अललडुर्र करत आलाय."

मी उडालोच. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीता स्वयंवर' केलं ते आमच्या सांगलीत. त्या जुन्या पौराणिक नाटकांत राक्षस अशी आरोळी ठोकत, राळेचा भपका उडवत यायचा, म्हणून त्यांना अललडुर्र नाटकंच म्हणायचे. आईनं ती बघितलेली असणं शक्य नाही, तिच्या आजोबांकडून ऐकलेलं. पण शिवाची नस तिनं एका शब्दात पकडली. त्याच्या सिनेमात हिरोही तसाच येतो आणि खलनायकही, धूर, ढोल, आरोळी. 'शौर्यम'मध्ये बहीण, 'वेदालम'मध्ये बहीण, 'अण्णात्ते'मध्ये बहीण, 'वीरम'मध्ये भाऊ. गोष्ट घरातलीच, वरून राळ. जमलं तेव्हा कारण असं, की आरोळी संपल्यावर माणसं एकमेकांशी दोन वाक्यं बोलतात.

'विवेगम'मध्ये (२०१७) ती बोलत नाहीत. युरोपात बर्फात शूटिंग, मोटारसायकली, विवेक ओबेरॉय. डबा इथे खूश होता. गोळ्या मागून पुढे, हेलिकॉप्टर डावीकडून उजवीकडे, मागचे स्पीकर पहिल्यांदाच पगाराचं काम करत होते. दुकानदारानं दाखवायला असलाच सिनेमा लावावा. मी चाळिसाव्या मिनिटाला झोपलो.

'विश्वासम'बद्दल थोडं जास्त लिहितो. १० जानेवारी २०१९, 'वीरम'नंतर बरोबर पाच वर्षांनी, आणि समोर रजनीकांतचा 'पेट्टा' त्याच दिवशी. अजित थेनीकडचा भात गिरणीवाला, बायको डॉक्टर नयनतारा, दोघं वेगळे झालेत, मुलगी आईजवळ मुंबईत. तो बाप आहे हे न सांगता मुलीचा अंगरक्षक होतो. डी. इमानला या सिनेमाच्या गाण्यांसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हा सिनेमा कन्नडमध्ये 'जगमल्ला' नावानं डब झाला, मराठीतही झाला, आणि आई तो मराठीतूनच बघते.

दोन्ही बघितले. आधी मराठी. 'मूव्ही' मोडवर संवाद संगीताखाली गाडले गेले, आई सारखी "काय म्हणाला?" विचारायची. रिमोटवर 'व्हॉइस' बटण आहे, ते दाबलं आणि माणसं एकदम हॉलमध्ये येऊन बोलायला लागली. संगीताचा जीव थोडा जातो, जाऊ दे. घरात म्हातारं माणूस असेल तर या एका बटणासाठी घ्या. नंतर तमिळमधून लावला. बापलेकीचं सिद श्रीरामनं गायलेलं गाणं सुरू झालं तेव्हा सबवूफर बंदच करून टाकला, आवाज १४ वर. आमची थोरली पुण्यात नोकरीला आहे, रविवारी फोन करते, त्या दिवशी बुधवार होता. सौ. पोळ्या टाकून बाहेर आली, सोफ्याच्या हातावर टेकली आणि गाणं संपेपर्यंत उठली नाही. तवा धुरला. या गाण्यात डब्यानं एकही चूक केली नाही. त्याला फार काही करायचंच नव्हतं.

'अण्णात्ते' (२०२१) रजनीकांतसाठी बघा. मी बघितला, झालं.

आणि 'कंगुवा'. नोव्हेंबर २०२४, सूर्या, बॉबी देओल, एक गोष्ट १०७० सालातली आणि एक आजच्या गोव्यातली. सिनेमा लागला तेव्हा लोक गोष्टीपेक्षा आवाजाबद्दलच जास्त बोलले. ऑस्कर मिळालेला साउंडवाला रसूल पूकुट्टी जाहीरपणे बोलला, आणि निर्मात्याला थेटरवाल्यांना सांगावं लागलं, की आवाज दोन पॉइंटांनी उतरवा. कॅमेरामन म्हणून आलेल्या माणसाचा सर्वांत भव्य दिसणारा सिनेमा, आणि कानांनी पाडला. माणसं आरोळीतच बोलतात, त्यामुळे खरी आरोळी कुठली ते कळत नाही. पहिल्या अर्ध्या तासात आमच्या मांडणीवरून साखरेचा डबा खाली आला. मग 'नाइट' मोड लावला, त्यात मोठे आवाज दाबले जातात आणि छोटे वर येतात. तसा बघितल्यावर जंगल, टोळ्या, पाण्यातली दृश्यं, नजरेला खरंच भरली. शिवाला हे बटण कोणीतरी आधी दाखवायला हवं होतं.

डब्याची तक्रार म्हणाल तर, मागचा डावा स्पीकर अधूनमधून गप्प होतो, बंद-चालू केला की पुन्हा बोलतो. कंपनी म्हणते वायफायचा अडथळा. वायफायची डबी दुसऱ्या खोलीत नेली, फरक शून्य. रिमोटवर अंधारात दिसणारी एकही खूण नाही. पट्टीवरचे आकडे इतके बारीक, की आवाज किती आहे हे बघायला उठून जावं लागतं. धाकटा म्हणतो परत करू. पण हळकुंडासाठी लग्न मोडायचं नाही म्हणतात, आणि आमच्या धंद्यात तर मुळीच नाही. पाचपैकी साडेतीन. बातम्या, कीर्तन, जुनी नाट्यगीतं एवढंच ऐकणार असाल तर सात-आठ हजारांत नुसती पट्टी मिळते, ती पुरे.

मागचे दोन स्पीकर सध्या सोफ्यामागे स्टुलांवर आहेत. भिंतीला ठोकायचेत. ड्रिलवाला गुरुवारी येतो म्हणालाय.