८२ पैशांवर मी विश्वास ठेवला

आधी आकडा सांगून टाकते, नंतर जीभ रेटत नाही. ५४,३९८ रुपये ८२ पैसे. त्यातले ५,८९८ रुपये ८२ पैसे पहिल्या दिवशी गेले आणि ४८,५०० तिसऱ्या दिवशी. कशापायी? कॉम्प्युटर सुरू करताना 'विंडोज १०' ही ओळ पडद्यावर एकाखाली एक दोनदा दिसायला लागली, एवढ्यापायी.

मी वीस वर्षं डीटीपी करते. लग्नपत्रिका, प्रश्नपत्रिका, पुण्यस्मरणाच्या जाहिराती. कॉलनीतल्या बायकांचा मोबाइल अडला की त्या माझ्याकडे येतात. म्हणजे बघा, मी हे कुठल्या तोंडाने सांगायचं? आठवडाभर तर घरीही फक्त पहिल्या दिवशीचा आकडा माहीत होता.

दिवाळीआधी मशीन रडतखडत चालत होतं म्हणून ओळखीच्या दुकानदाराकडून एसएसडी, म्हणजे नवी वेगवान डिस्क, बसवून घेतली. त्याने तिच्यावर कोरं विंडोज १० टाकलं (माझ्या जुन्या मशीनवर ११ चालत नाही). जुनी हार्ड डिस्क आतच ठेवली, कारण सगळे फॉन्ट आणि पंधरा वर्षांच्या पत्रिका तिच्यात. तिच्यावरचं जुनं विंडोजही तसंच राहिलं. नवीन विंडोज बसताना त्याला जुनं सापडलं, की दोघांची नावं सुरुवातीच्या यादीत लागतात. म्हणून निळ्या पडद्यावर दोन सारख्या ओळी आणि तीस सेकंदांची उलटी गणती. चुकून दुसरी ओळ दाबली गेली की जुनं विंडोज उघडायचं आणि त्यात नवा प्रिंटरच नसायचा. रोग एवढाच होता.

दुकानदार गावी गेलेला, फोन बंद. तुळशीची लग्नं लागून गेलेली, तीनशे पत्रिका दुसऱ्या दिवशी द्यायच्या, आणि मुलाकडची माणसं तासातासाला फोन करत होती. असल्या वेळी कुणाचं डोकं ठिकाणावर राहतं? सर्चमध्ये सगळ्यात वर जो टोल-फ्री नंबर आला तो लावला. त्याच्या डोक्यावर 'प्रायोजित' असं लिहिलेलं होतं. ते आता दिसतं.

पुढचं तुम्हाला माहीत आहेच. गोड आवाज, 'मॅडम, आप बिल्कुल चिंता मत कीजिए', एनीडेस्क (लांबून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवायचं ॲप) उतरवा, त्यातला नंबर वाचून दाखवा. माउसचा बाण आपोआप फिरायला लागला. त्याने विंडोज आणि आर ही बटणं दाबून एमएसकॉन्फिग ही विंडोजची सेटिंगची चौकट उघडली, बूट नावाच्या टॅबवर गेला.

आणि इथेच. इथेच मी आंधळी झाले.

त्या चौकटीत माझ्या दोन्ही ओळी होत्या. एकीपुढे 'करंट ओएस, डिफॉल्ट ओएस' असं लिहिलेलं, दुसरीपुढे फक्त डी ड्राइव्हचा पत्ता. त्याने दुसरीवर क्लिक केलं आणि खालचं 'डिलीट' हे बटण उजळलं. चार-पाच सेकंद ते बटण माझ्या डोळ्यांसमोर होतं. मला इंग्रजी वाचता येतं. डिलीट म्हणजे काय हे मला कळतं, मी दिवसातून पन्नास वेळा ते दाबते. तरी मी विचारलं नाही की अहो, मग दाबा ना. तो म्हणाला, 'हे दिसतंय ते लक्षण आहे मॅडम, आजार आत आहे,' आणि चौकट बंद केली. मी मान डोलावली. फोनवर मान डोलावणारी बाई मी.

मग इव्हेंट व्ह्यूअरमधल्या, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या नोंदवहीतल्या, लाल खुणा दाखवल्या. त्या धडधाकट मशीनवरही असतात. मग काळ्या खिडकीत एक आज्ञा देऊन लांबलचक नंबर काढला, ८८८डीसीए६० ने सुरू होणारा. 'हा तुमचा लायसन्स आयडी, आमच्याकडेही हाच आहे, जुळवून घ्या.' मी तो वहीत उतरवून घेतला, अक्षरन् अक्षर जुळला. नंतर भाच्याच्या लॅपटॉपवर तीच आज्ञा दिली तर तोच नंबर. तो प्रत्येक विंडोजमध्ये तोच असतो, त्याचा लायसन्सशी काडीचा संबंध नाही. वर हेही म्हणाला, की विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाल्यामुळे कंपनीने दुसरी नोंद टाकली आहे, पैसे भरले नाहीत तर जुन्या डिस्कवरच्या फाइली जातील. सपोर्ट त्या तारखेला संपला हे खरंच आहे, पेपरात आलं होतं. शंभर ग्रॅम खऱ्यात किलोभर खोटं मिसळलं की कोण ओळखणार?

फी ४,९९९ अधिक १८ टक्के जीएसटी. एकूण ५,८९८ रुपये ८२ पैसे. लुटारू पैशापैशाचा हिशेब कशाला देईल, असं वाटलं मला! पैसे गेल्यावर त्याने तेच बटण दाबलं, रीस्टार्ट केलं, दोन ओळी गेल्या. मी त्याला 'थँक्यू सर' म्हणाले.

घरच्या घरी करायचं असेल तर तेवढंच करा. ज्या ओळीपुढे 'करंट' आहे तिला हात लावू नका, दुसरी निवडा, डिलीट, अप्लाय, ओके. यादीतलं नाव जातं, जुन्या डिस्कवरची फाइल एकही जात नाही. आणि मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो.

तिसऱ्या दिवशी तोच आवाज, पण आता 'ताई' म्हणून. सेवा बंद होतेय, तुमचे पैसे परत करतोय, नेट बँकिंग उघडून जमा झाले का बघा. एनीडेस्क मी काढलंच नव्हतं. काम झाल्या क्षणी काढून टाका, नुसतं बंद करून भागत नाही. पडदा काळा झाला, 'सर्व्हर चालू आहे ताई', आणि फोनवर आलेला ओटीपी मी 'रिफंड कोड' म्हणून वाचून दाखवला. मेसेजमध्ये रक्कम होती, पुढे 'कोणालाही सांगू नका' हेही होतं. मी फक्त आकडे वाचले. पैसे यायला ओटीपी लागत नाही, जायला लागतो. हे कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवा.

आता बँक. मी आधी शाखेत धावले, ही दुसरी चूक. आधी १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावायचा, पैसे पुढच्या खात्यात असतील तर तिथेच अडवता येतात. शाखेत टोकन घेऊन पाऊण तास बसवलं आणि शेवटी काय, 'ओटीपी तुम्हीच दिलात ना?' रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक भाच्याने काढून दिलं. चूक ग्राहकाची असली तरी कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेचं. माझं सगळं कळवण्याआधीच गेलेलं, मला उपयोग शून्य. पण तुम्ही कळवाल तेव्हा तारीख-वेळ घालून लेखी पोच घ्या. मला पोच द्यायलाच तयार नव्हते. 'शिक्का साहेबांकडे आहे, साहेब जेवायला गेलेत.' साडेबाराला जेवायला गेलेले साहेब तीनला आले.

पोलीस ठाण्यात तर कहर. पहिल्या ठिकाणी 'आमच्या हद्दीत नाही, सायबरकडे जा'. मी इथे राहते, माझं खातं इथलं, कॉम्प्युटर इथला, आणि हद्द कुठली? नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये, गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, खबर घ्यायचीच असं लिहिलंय. हे बोलले तर 'मॅडम, कायदा आम्हाला शिकवू नका.' सायबरकडे दोन चकरा, एकेक दिवसाचं काम बुडवून. तिथले अंमलदार स्क्रीनशॉट बघून म्हणाले, 'हे पहिले पाच हजार सोडा. काम तर करून दिलंय ना त्याने?' म्हणजे चोराने कुलूप काढून दिलं म्हणून ती सर्व्हिस! शेजारचा हसला. मी हसले नाही. तक्रारीच्या चार झेरॉक्स, बँकेचं स्टेटमेंट शिक्क्यासह (पुन्हा ते जेवायला गेलेले साहेब), आणि तो टोल-फ्री नंबर लिहून दिला. मी येईपर्यंत तो नंबर चालू होता. माझ्यासमोर त्यांनी लावून बघितला सुद्धा नाही.

दुकानदार गावाहून आल्यावर कुणाकडून तरी कळलं, तो घरी आला. 'वहिनी, दोन मिनिटांचं काम होतं, मी पैसेसुद्धा घेतले नसते.' त्याला चहा दिला. काय बोलणार.

गेल्या आठवड्यात कळलं, की ४८,५०० पैकी ६,२४० रुपये एका खात्यात गोठवलेले सापडलेत. ते सोडवायला कोर्टाचा आदेश आणा म्हणतात. भाच्याच्या ओळखीच्या वकिलांनी त्यासाठी पाच हजार सांगितले.

मी विचारलं, जीएसटी धरून का?