हॅसलब्लॅड ५०० सी/एम आणि सोनार १५० मिमी एफ/४: उन्हात फ्लॅश वापरणाऱ्यांची लेन्स

हॅसलब्लॅड ५०० सी/एम या फिल्म कॅमेऱ्यासाठी सोनार १५० घ्यायची ती तिच्या पोटातल्या पाकळ्यांच्या शटरसाठी. काच उत्तम आहेच. ३ गटांत ५ भिंगं, एफ/४ वर, म्हणजे छिद्र पूर्ण उघडं असतानाही, पापणीचा केस न् केस वेगळा दिसतो. ६×६ सेंटीमीटरच्या फ्रेमवर तिचं दृश्य ३५ मिमी कॅमेऱ्याच्या साधारण ८० ते ८५ मिमीसारखं, म्हणजे नाक फुगत नाही आणि कान मागे पडत नाहीत. पण नुसती चांगली काच इतर मीडियम फॉरमॅट (३५ मिमीपेक्षा मोठ्या फिल्मच्या) कॅमेऱ्यांनाही मिळते. पडदा शटरच्या (फिल्मसमोरून पडदा सरकवणाऱ्या) कॅमेऱ्यांना जे साधत नाही ते हिला साधतं: १ सेकंदापासून १/५०० पर्यंत कुठल्याही वेगावर फ्लॅश.

याची किंमत भर उन्हात कळते. स्वच्छ ऊन, आयएसओ १०० ची फिल्म, एक्स्पोजर १/१२५ ला एफ/१६. पडदा शटरच्या पेंटॅक्स ६७ चं फ्लॅश सिंक, म्हणजे फ्लॅश चालेल असा सर्वांत वेगवान शटर, १/३० वर थांबतं, म्हणून तिथे छिद्र एफ/३२ पर्यंत लहान करावं लागतं. पार्श्वभूमी स्पष्ट होते आणि फ्लॅशचा दम निघतो. सोनारवर १/५०० ला एफ/८. एफ/३२ आणि एफ/८ मध्ये ४ स्टॉप (दर स्टॉपला प्रकाश दुप्पट), त्यामुळे फ्लॅश सोळाव्या हिश्शाच्या ताकदीवर भागतो. हातात धरायचा छोटा फ्लॅश आणि छत्री एवढ्यावर डोळ्यांखालच्या सावल्या भरतात. आकाश आणखी गडद हवं असेल तर अॅपर्चर (लेन्सचं छिद्र) आणखी लहान करा आणि फ्लॅश तेवढाच वाढवा. एफ/४ हवं असेल तर २ स्टॉपचा एनडी (प्रकाश कमी करणारा करडा फिल्टर) लावा. एनडी ऊन आणि फ्लॅश दोन्ही सारखंच कापतो, म्हणून फ्लॅशची ताकद एफ/८ ला होती तेवढीच ठेवायची. फक्त फोकस आधी करून घ्या, मग फिल्टर बसवा. बायोनेट (आट्यांऐवजी खाचेत फिरवून बसणारी जोडणी) असल्याने तो एका वळणात बसतो, आणि काळवंडलेल्या काचेवर डोळ्याचा फोकस शोधत बसावं लागत नाही.

१/५०० वर दोन गोष्टी नडतात. मोठ्या स्टुडिओ फ्लॅशचा प्रकाश पूर्ण ताकदीवर हळूहळू विझतो आणि शटर त्याचं शेपूट कापतं. मीटरने दाखवलं त्यापेक्षा फ्रेम अर्धा-एक स्टॉप कमी उजळते. उत्पादक देतात तो टी०.५ चा आकडा (प्रकाश शिखराच्या निम्म्यावर येईपर्यंतचा वेळ) दिलासा देणारा असतो, बघायचा टी०.१ (दहाव्या हिश्शावर येईपर्यंतचा). दुसरं म्हणजे फ्लॅश बिनतारी पेटवणारा रेडिओ ट्रिगर. स्वस्त ट्रिगर सिग्नल उशिरा पोचवतो आणि शटरच्या पाकळ्या मिटायला लागल्यावर फ्लॅश पेटतो. फ्रेमच्या एका कडेला काळी पट्टी येते ती पडदा शटरमध्ये. इथे पूर्ण फ्रेमच अंधारते, त्यामुळे दोष फ्लॅशच्या ताकदीवर ढकलला जातो. आधी केबल लावून तपासा. केबलवर बरोबर आणि ट्रिगरवर अंधार, म्हणजे ट्रिगरच दोषी.

आता यंत्राची शिस्त. बटण दाबलं की लेन्सचं शटर मिटतं, अॅपर्चर ठरल्या आकाराला येतं, आरसा वर जातो, मागची दोन दारं उघडतात, आणि मग पाकळ्या उघडून मिटतात. बटण सोडलं की मागची दारं बंद होतात. म्हणून १/८ किंवा त्याहून संथ वेगावर लेन्सची घरघर थांबेपर्यंत बोट उचलू नका, नाहीतर एक्स्पोजर अर्धवट कापलं जातं. आरसा तर पुढची फ्रेम चढवेपर्यंत वरच राहतो. माणूस समोर असताना हा अंधार त्रासदायक असतो, हे मान्यच करायला हवं.

लेन्स काढताना आणि लावताना बॉडी आणि लेन्स दोन्ही चढवलेल्या (स्प्रिंग ताणून तयार) असायलाच हव्यात. एक चढवलेली आणि दुसरी सुटलेली असली की दोन्ही अडकतात. लेन्स सुटी असेल तर तिच्या मागची खाच नाण्याने घड्याळाच्या दिशेने फिरवा. क्लिक होऊन खाच लाल ठिपक्यासमोर आली की झालं. बॉडीवर अडकली असेल तर डार्क स्लाइड (फिल्म झाकणारी पत्र्याची पट्टी) घालून मॅगझिन (मागची फिल्मची पेटी) काढा, मागची दारं हलकेच बाजूला करा आणि लांब, बारीक स्क्रूड्रायव्हरने तीच खाच घड्याळाच्या दिशेने क्लिक होईपर्यंत फिरवा. स्क्रूड्रायव्हरच्या दांड्याला टेप गुंडाळा. मागचं भिंग अगदी शेजारी असतं आणि तिथला ओरखडा कायमचा. बहुतेक वेळा हे अडकणं एक्स्टेन्शन ट्यूबमुळे (जवळून फोकससाठी बॉडी आणि लेन्सच्या मधे लावायच्या नळीमुळे) होतं: लावताना आधी ट्यूब, मग लेन्स; काढताना आधी लेन्स, मग ट्यूब.

ट्यूब लागतेच, कारण लेन्स १.४ मीटरपेक्षा जवळ फोकस होत नाही. तिथे चौकटीत सुमारे ४० सेंटीमीटर मावतात, म्हणजे डोकं आणि खांदे. फक्त चेहरा हवा तर १० मिमीची ट्यूब सुमारे २७ सेंटीमीटरपर्यंत आणते आणि अर्धा स्टॉप प्रकाश खाते. १.४ मीटरवर एफ/४ ला फोकसची खोली जेमतेम अडीच सेंटीमीटर असते, त्यामुळे अलीकडच्या डोळ्यावर फोकस, आणि पोर्ट्रेटला एफ/५.६ ते ८ जास्त भरवशाचं. अॅपर्चरला पाकळ्या पाचच, म्हणून तिथे मागचे दिवे पंचकोनी दिसतात. मला ते खटकत नाहीत; ज्यांना खटकतात त्यांनी मागे दिवे ठेवू नयेत.

जुनी 'सी' की नंतरची 'सीएफ'? सीएफ घ्या. तिचं प्रॉन्टर शटर दुरुस्तीला सोपं पडतं, फोकसची कडी रबराची आहे आणि बी६० (६० मिमी बायोनेटचे) फिल्टर इतर बहुतेक सीएफ लेन्सना चालतात. सीमध्ये काँपूर शटर, बी५० फिल्टर आणि एक्स-एम-व्ही खटका (एक्स इलेक्ट्रॉनिक फ्लॅशला, एम जुन्या फ्लॅश बल्बला, व्ही सेल्फ-टायमरला) असतो. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशला तो एक्सवरच हवा. एमवर फ्लॅश पाकळ्या उघडण्याआधीच पेटतो.

वापरलेली लेन्स घेताना १ सेकंद लावून ऐका. सूर मध्येच अडखळला तर तेल वाळलंय, सर्व्हिसिंग लागणार. मग मॅगझिन काढा, एफ/४ आणि १/५०० लावा, फ्लॅश जोडून पांढऱ्या भिंतीकडे वळवा आणि कॅमेऱ्याच्या मागून लेन्समध्ये बघत बटण दाबा. पूर्ण गोल उजेड दिसायला हवा. पाच टोकांची चांदणी दिसली तर पाकळ्या पूर्ण उघडण्याआधी किंवा मिटताना फ्लॅश पेटतोय. अशी लेन्स सिंक दुरुस्त झाल्याशिवाय घेऊ नका.