स्पीडमास्टरवरचा स्नूपी: २००३, २०१५ की २०२०?

एप्रिल १९७०. चंद्राकडे निघालेल्या अपोलो १३ची ऑक्सिजनची टाकी फुटलेली, वीज वाचवायला बहुतेक यंत्रणा बंद. यान वाटेवर आणायला इंजिन नेमकं १४ सेकंद चालवायचं होतं. ते सेकंद अंतराळवीर जॅक स्विगर्टने हातातल्या ओमेगा स्पीडमास्टरवर मोजले. त्याच वर्षी ओमेगाला नासाच्या अंतराळवीरांकडून दिला जाणारा ‘सिल्व्हर स्नूपी’ पुरस्कार मिळाला. स्नूपी म्हणजे ‘पीनट्स’ चित्रमालिकेतलं कुत्रं; पुढे ते २००३, २०१५ आणि २०२० अशा तीन खास स्पीडमास्टरवर आलं.

२००३चे नग ५४४१, कारण मोहीम १४२ तास ५४ मिनिटं ४१ सेकंद चालली. हिशोब झकास, घड्याळ मात्र नेहमीच्या काळ्या स्पीडमास्टरवर बिल्ला लावल्यासारखं. ते बाजूला ठेवू.

खरा पेच २०१५ आणि २०२० यांत आहे.

२०१५ची तबकडी पांढरी, नग फक्त १९७०. बारापासून चौदाव्या सेकंदापर्यंत काठाने इंग्रजीत प्रश्न छापलाय : १४ सेकंदांत तुम्ही काय करू शकाल? स्टॉपवॉच सुरू करणारं वरचं बटण दाबा. प्रश्नावरून काटा सरकतो, प्रश्न संपला की सेकंदही संपले. अख्खी गोष्ट त्या एवढ्याशा कमानीत बसवलीये! दिवा घालवला की लोळत पडलेला स्नूपी उजळतो.

२०२०चं चंदेरी-निळं. नगांवर मर्यादा नाही, तरी दुकानात गेलो नि घेऊन आलो असंही होत नाही. पुढून ते शांत आहे, करामत पाठीमागे. बटण दाबलं की स्नूपीचं यान चंद्रामागून निघतं, आणि लांबची पृथ्वी तर बटण न दाबताही मिनिटाला स्वतःभोवती एक फेरी मारते. पोरं खूश होतात. पण हे बघायला घड्याळ हातातून काढावं लागतं, ही मला खटकणारी गोष्ट.

दोन्हींना चावी द्यावी लागते. फरक आतल्या यंत्रात : २०१५च्या ‘१८६१’ क्रमांकाच्या यंत्रात वेळ लावताना सेकंदकाटा थांबत नाही, २०२०च्या ‘३८६१’मध्ये थांबतो. शिवाय ३८६१ला १५,००० गॉसपर्यंतच्या चुंबकत्वाचं भय नाही, म्हणजे लॅपटॉपशेजारी बिनधास्त ठेवा.

रोज घालायचं असेल तर २०२०चं घ्या. कपाटातून अधूनमधून काढून बघायचं असेल आणि खिसा तेवढा खोल असेल, तर २०१५चं. मात्र ते आता वापरलेलंच मिळणार, तेव्हा पैसे मोजण्याआधी मूळ कागदपत्रं मागा आणि घड्याळ एकदा अंधाऱ्या खोलीत नेऊन बघा.